रोज दिसलेली एक गोष्ट

माझ्याकडे चार वह्या आहेत. दुरेघी, पहिलीच्या मुलांना देतात तसल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर एक 'क' आहे. वाकडा आणि उलटा, आरशात दिसावा तसा. तो काढायला मला सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत वेळ लागला होता. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते, दहावी पास होते, आणि वीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकत होते.

हे लिहायचं कारण असं, की पालघरच्या ज्या हॉस्पिटलात मी पुन्हा बोलायला शिकले, तिथल्या बाकावर बसलेली माणसं मला गाठून विचारतात, "ताई, किती दिवसांत आलं बोलायला?" त्यांचा माणूस आत असतो, आणि त्यांना एक आकडा हवा असतो. माझ्याकडे आकडा नाही. जे झालं ते सगळं आहे, ते सांगते. शुद्धलेखन माझ्या मुलीने, निकिताने, तपासलंय. बाकी मजकुराला हात लावायचा नाही, असं तिला बजावून ठेवलं होतं.

बुधवार

आम्ही बोईसरजवळच्या दांडीचे, समुद्रकाठच्या गावचे. माझा नवरा रघुनाथ आणि त्याचा भाऊ दामू यांची भागीत बोट. ते मासळी आणतात, मी विकते. बाजारातली माझी जागा माझ्या आईची. तिच्यानंतर मी तिथे पाट मांडला.

त्या दिवशी गिऱ्हाईक चांगलं होतं. सालवडची एक बाई नेहमी माझ्याकडे यायची, तिने विचारलं, "मौसी, बोंबील आज का है ना?" मला म्हणायचं होतं, मी कधी कालचा विकते का. तोंडातून निघालं, "पंखा."

ती हसली. मीही हसले. पुन्हा बोलायला गेले तर पुन्हा "पंखा". शब्द माझ्या डोक्यात होता, बोंबील माझ्यासमोर पडला होता, आणि तोंड भलतंच काही देत होतं. मग उजव्या हातातला कोयता खाली पडला. मी टाकला नव्हता, तो आपणच सुटला.

माझ्या शेजारी विमलकाकू बसते. वीस वर्षं आम्ही एकमेकींची गिऱ्हाइकं पळवत आलोय आणि एकाच डब्यातून जेवत आलोय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठलीच.

"मनीषा, तुजा तोंड वाकडा कसा झाला गो?"

बायका गोळा झाल्या. कोणी म्हणालं पाणी पाजा, कोणी म्हणालं कांदा हुंगवा, कोणी म्हणालं जरा पडू दे, बरं वाटेल. विमलकाकूच्या भावाला लकवा झाला होता आणि त्याला घरच्यांनी दिवसभर असंच पडू दिलं होतं. तिने कोणाचं ऐकलं नाही. रिक्षा थांबवली, मला काखेत धरून आत घातलं आणि स्वतः बसली. मी पाट्यांकडे हात करत होते.

"राहू दे त्या. कोन नाय नेत," ती म्हणाली. नंतर कळलं, माझी सगळी मासळी बाजारातल्या बायकांनी विकून दिली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, इंजेक्शन दिलं, आणि रघुनाथ धावत आला तेव्हा त्याला माझ्या खाटेशीच उभं राहून सांगितलं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली होती. शब्द जिथून निघतात त्या भागाला मार बसला होता. उजवा हात आणि पाय कमजोर झाले होते. मला समजणार सगळं होतं, फक्त बोलता येणार नव्हतं.

"कवापर्यंत?" रघुनाथने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. लवकर आणलंत हे फार बरं केलंत."

मी सगळं ऐकत होते. बीपीच्या गोळ्या मी दोन महिन्यांपूर्वी सोडल्या होत्या. बरं वाटत होतं, मग कशाला खायच्या, असं मनात आलं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं तेव्हा रघुनाथ म्हणाला, "घेते की रोज." त्याला माहीतच नव्हतं. आणि मला खरं सांगता येत नव्हतं. हे वाचून ज्याला स्वतःची गोळी आठवेल, त्याने आधी उठून ती घ्यावी. पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

अकरा दिवस

हॉस्पिटलात सकाळ फार लवकर होते. अंगाला हात लावून कोणीतरी उठवतं, काखेत थर्मामीटर, दंडाला बीपीचा पट्टा. मग फरशी पुसणारी मावशी येते, मग चहा, मग डॉक्टर, आणि मग दुपारपर्यंत काहीच नाही. मी छताकडे बघत पडायचे. भीती दुपारी वाटायची. सकाळी माणसं असायची, दुपारी सगळे पेंगायचे आणि मी मनात एकेका वस्तूचं नाव घेऊन बघायचे. खिडकी. बादली. मनात ती यायची. ओठांपर्यंत आली की मातीचं ढेकूळ पाण्यात विरघळावं तशी जायची. वाटायचं, आता आयुष्यभर मी अशी. भाव सांगणार नाही, भांडणार नाही, लेकीच्या लग्नात गाणं म्हणणार नाही.

शेजारच्या खाटेवर विक्रमगडकडची एक म्हातारी होती. तिचा नवरा दिवसभर तिच्या पायाशी जमिनीवर बसून असायचा. तो बोलायचा नाही. भेटायला येणारे सगळे माझ्यावर प्रश्नांचा मारा करायचे, "मला ओळखलं का, मी कोण सांग," आणि मी रडवेली व्हायचे. हा म्हातारा एकदा फडक्यात उकडलेले कंद घेऊन आला, बायकोला भरवले, आणि उठून अर्धा कंद सोलून माझ्या डाव्या हातात ठेवला. काही विचारलं नाही. परत जाऊन बसला. अकरा दिवसांत इतकी चांगली भेट मला कोणी दिली नाही.

माझं पहिलं बोलणं मात्र सांगायला थोडी लाज वाटते. रघुनाथचा एक लांबचा मामा आला होता. माझ्या उशाशी उभा राहून तो सगळ्यांना म्हणाला, "हिला आता काय कळतंय. जेवायला घातला म्हंजे झाला." आणि माझ्या तोंडातून एक शिवी निघाली. सरळ, स्वच्छ, एकही अक्षर न चुकता. मामा मागे सरकला. माझी सासू, जिला आम्ही सगळे आय म्हणतो, तिने डोळ्यांना पदर लावला.

"बोलली," ती म्हणाली. "पोर बोलली माजी."

मामाची समजूत कोणी काढली मला माहीत नाही. नंतर बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी, त्यांचं पुढे येईलच, सांगितलं, की शिव्या, गाणी, एक ते दहा आकडे हे डोक्यात वेगळ्या जागी राहतात. तिथे मार बसलेला नव्हता. म्हणजे घरी आले तेव्हा माझी सगळी भाषा एवढीच होती: पंखा, एक शिवी, आणि एक ते दहा.

वही

आठवड्यातून दोनदा पालघरला जायचं होतं. तिथे बोलणं शिकवणाऱ्या कार्तिकी मॅडम होत्या. वयाने निकितापेक्षा थोड्याच मोठ्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर चित्रांची कार्डं मांडली. केळं, छत्री, मासा. मासा बघून मला वाटलं, हा तरी येईल. नाही आला. वीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्याचं नाव मला घेता येईना. मी डाव्या हाताने सगळी कार्डं ढकलून दिली. ती खोलीभर पसरली.

मॅडमनी ती एकेक करून उचलली. घाई केली नाही. मग निकिताला विचारलं, "घरी दिवसभर काय करतात आई?"

"काही नाही. ओट्यावर बसते. बघत राहते."

"मग बघतात ते लिहू दे," मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या. "रोज दिसलेली एक गोष्ट. मोठी नको, विशेष काही नको. जुनं आठवलं तर तेही चालेल. अक्षर नाही आलं तर चित्र काढा. पण रोज."

आणि निकिताला त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. हिच्या वहीत दुसऱ्या कोणी लिहायचं नाही. आणि हिने मागितल्याशिवाय हिला शब्द द्यायचा नाही.

उजवा हात पेन धरत नव्हता म्हणून डावा. त्या पहिल्या दिवशी ओट्यासमोर कावळा आला होता, आणि मला त्याचा 'क' काढायचा होता. तो कसा निघाला ते वर सांगितलंच. आठवडाभर 'क' झाला. मग एक दिवस 'कावला'. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा दोन शब्द शेजारी बसले: 'कावला पानी'. निकिताने ते पान मोबाईलवर मॅडमना पाठवलं. मॅडमनी उलट लिहिलं, "पाण्याचं काय केलं त्याने?" मला राग आला. मी दोन शब्दांसाठी घाम गाळला होता आणि या तिसरा मागत होत्या. दुसऱ्या दिवशी मी कावळ्याची वाट बघत बसले. त्याने आमच्या बादलीत पावाचा तुकडा बुडवला, मऊ केला आणि मग खाल्ला. हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. चार दिवस खपून ते लिहिलं: 'कावला पाव भिजवतो.'

तिथून मला त्या वहीचा नाद लागला. काही पानं तशीच उतरवते, फक्त शुद्धलेखनाच्या चुका निकिताने इथे सुधारल्यात:

'आय तांदूळ निवडताना डावा पाय उजव्यावर ठेवते.'

'शेजारचा कोंबडा लंगडा. तरी पुढे.'

'वाळत घातलेल्या बोंबलाची सावली पण बोंबील.'

'रघू चप्पल शोधतो. पायात आहे.'

त्या ओट्यावरून मी लग्न होऊन आल्यापासून रोज ये-जा करत होते. पहाटे पाट्या घेऊन बाहेर, संध्याकाळी रिकाम्या पाट्या घेऊन आत. तिथे एवढं काही चालतं हे मला आजारपणात कळलं. आजाराचे आभार मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण जे दिसलं ते खरंच दिसलं.

शब्द मिळवायची एक वाटही मला या वहीतच सापडली. एकदा चिंचणीहून कोणीतरी चिकू आणले. ताटलीत समोर ठेवले आणि मला नाव येईना. जेवढं ढकलावं तेवढा तो मागे जायचा. मग मी नाव सोडून दिलं आणि आठवायला लागले, की हे फळ मी पहिल्यांदा कुठे पाहिलं. माझे बाबा आठवले. चिंचणीच्या वाडीतून ते ओल्या फडक्यात बांधून आणायचे. ते फडकं निळं होतं, एका कोपऱ्याला जळलेलं. गाठ सोडताना बाबा आधी वास घ्यायचे, मग मला द्यायचे. मी वहीत ते फडकं काढलं, गाठ काढली, जळका कोपरा काढला, आणि कोपरा काढता काढता तोंडाने म्हणून गेले, "चिकू."

घरात मी एकटीच होते. मी तो शब्द आणखी वीस वेळा म्हटला. मग चिकू खाल्ला.

तेव्हापासून शब्दाच्या अंगावर सरळ जायचं सोडून दिलं. तो मला पहिल्यांदा जिथे भेटला होता, तिथे जाऊन बसायचं. बहुतेक वेळा तो येतो.

मीठ

घरात सगळं गोड चाललं होतं असं कोणी समजू नये. निकिताने कॉलेज सोडून माझ्या पाटावर बसायला सुरुवात केली होती. ती पहिल्या वर्षाला होती. संध्याकाळी येऊन हात धुवायची, साबण लावून लावून वास घ्यायची, आणि माझ्याकडे न बघता झोपायला जायची. एकदा मी काहीतरी सांगायला अडखळत होते तर ती म्हणाली, "आई, उद्या सांग ना. मी दमलेय." बरोबरच होतं तिचं. तरी मी आत जाऊन रडले.

रघुनाथचं वेगळंच. तो माझ्यासाठी बोलायचा. मी "पा" म्हणायचा अवकाश, तो तांब्या भरून आणायचा. मला पाय दुखतोय म्हणायचं असायचं. चार तांबे पाणी पिऊन मी गप्प बसायचे. पाहुण्यांनी मला विचारलं तर उत्तर तो द्यायचा. त्याला वाटायचं तो मला त्रासातून सोडवतोय. त्याच्या आवाजाने माझा कसाबसा जवळ आलेला शब्द पळून जायचा, हे त्याला कसं सांगणार?

मी वहीत लिहिलं: 'रघू मधे बोलतो. माझा शब्द पळतो.'

त्याला दाखवायला लिहिलं नव्हतं. त्या दिवशीची दिसलेली गोष्ट होती ती, म्हणून लिहिली. त्याने चष्मा शोधताना वही उघडली आणि दारात उभ्याने वाचली. वही जागेवर ठेवली आणि किनाऱ्यावर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "मी..."

त्याने तोंड उघडलं आणि खरोखर स्वतःच्या हाताने ते बंद केलं. तसाच तोंडावर हात ठेवून बसला. आय एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. कालवण गार झालं. मी बाबांच्या घरचं स्वयंपाकघर आठवलं, फळीवरची बरणी आठवली, तिच्या लाकडी झाकणाची चीर आठवली.

"मीठ," मी म्हटलं.

रघुनाथने हात काढला. "मीठ नाय त्यात?" त्याने चव घेतली. "नायच हाय."

आय म्हणाली, "मी मगापासून तेच खाते. मला वाटला, आजारी मानसाच्या घरचा जेवान असाच."

आम्ही तिघं इतके हसलो की शेजारची बाई डोकावून गेली.

पाच ओळी

गणपतीच्या सुमारास दामूने एक गोष्ट काढली. माझ्या जागेवर त्याची बायको सुरेखा बसेल. निकिताला ते जमत नाही, गिऱ्हाईक तुटतंय, आणि जागा दुबळी दिसली तर दुसरी कोणी पाट मांडेल. दामूच्या मनात वाईट नव्हतं. "वैनीला आराम पडंल," तो म्हणाला. रघुनाथनेही मान हलवली. रविवारी सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि सोमवारी बाजारातल्या बायकांना सांगायचं, असं झालं. मी तिथेच बसले होते. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तेव्हा काय सांगू शकले असते?

हातात पाच दिवस होते. मी रोज एक ओळ लिहिली. त्या आठवड्यात कावळा नाही, कोंबडा नाही. ओळ लिहून झाली की दुपारी दार लोटून ती मोठ्याने वाचायचे. पाचव्या दिवशी घसा बसला.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर बसले. दामूने बोलायला सुरुवात केली तशी मी वही घेऊन उभी राहिले. उजवा पाय थरथरत होता म्हणून खांबाला टेकले.

"जागा माझी," मी वाचलं, "माझ्या आईची. मी दिवाळीनंतर बसणार. निकिता कॉलेजात जाणार. तोपर्यंत सुरेखा बसेल. मग..."

इथे मी अडकले. शब्द समोर लिहिलेला होता आणि तो नुसता रेघांचा ढीग दिसत होता. दामू मदत करायला पुढे झुकला. रघुनाथने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला मागे बसवलं. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मी पानावरून नजर काढली, सुरेखाकडे बघितलं, आणि बाजारात सांजेला पाट उचलून उठतानाची मी मलाच आठवले.

"उठेल," मी म्हटलं.

पहिली बोलली ती सुरेखाच. "बरा झाला वैनी तुमीच बोललात. मला त्या बाजारात एकटीला भ्याव वाटतो. गिऱ्हाईक आला का माजी जीभच वळत नाय. तुमी आल्यावर मी तुमच्याबरोबरच बसते, मासं कापायला."

मग दामू म्हणाला, "हां, मंग तसा करू." झालं. एवढंच. दुसऱ्या सोमवारी निकिताने दप्तर काढलं. जाताना ती माझ्या पाया पडली. आमच्यात परीक्षेशिवाय कोणी पाया पडत नाही.

पाटावर

दिवाळीनंतर मी बाजारात गेले. पहिला दिवस वाईट गेला. लोक घाईत असतात. कारखान्याची पाळी सुटलेली असते, गाडी चालू ठेवून भाव विचारतात. मी माशाचं नाव आठवेपर्यंत ते पुढच्या पाटावर गेलेले असायचे. विमलकाकू स्वतःची मासळी विकता विकता माझीही ओरडून विकायला लागली. मी हात करून तिला थांबवलं. तिच्या मनाला लागलं, पण ती थांबली. त्या दिवशी वहीत लिहिलं: 'चार गिऱ्हाइकं गेली. एक मांजर थांबली.'

मग मी वही पाटाखालीच ठेवायला लागले. गिऱ्हाईक नसेल तेव्हा एकेका माशाकडे बघून लिहायचं. मांदेलीच्या पोटावर सोनेरी पट्टा कुठे सुरू होतो. शिंगाळ्याच्या मिशा किती. कोलंबीचे डोळे शिजल्यावरही तसेच का राहतात. प्रत्येकाबरोबर कोणीतरी आठवायचं, आई, बाबा, लहानपणीची एखादी मार खाल्लेली दुपार. महिन्याभरात नावं एकेक करून परत आली. आधी छोटी, मग मोठी. पापलेट सगळ्यात शेवटी, का ते मॅडमनाही सांगता आलं नाही.

हॉस्पिटलातल्या बाकावरच्या माणसांना मी आता जे सांगते ते इथेही सांगते. तुमच्या माणसाला सगळं समजतंय असं धरून चाला. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. तो शब्द शोधत असेल तर घड्याळाकडे बघू नका, आणि शब्द त्याच्या तोंडात कोंबू नका. त्याला लिहायला द्या. मोठं दुःख लिहायला सांगू नका, ते कोणालाच लिहिता येत नाही. पाव भिजवणारा कावळा लिहिता येतो. आणि तुम्हीच आजारी असाल तर एक दिवस चुकला म्हणून वही टाकू नका. माझ्या पहिल्या वहीत सलग नऊ कोरी पानं आहेत. ते दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यानंतरच्या पानावर लिहिलंय: 'भिंतीला मुंगी.'

सुरमई

थंडी संपत आली होती. एक माणूस आला, हेल्मेट हातात, बूट चकचकीत, बहुधा एखाद्या कंपनीत साहेब. नवा होता. माझ्यासमोर दोन सुरमया होत्या. त्याने मोठीचा कल्ला उचलला, पोट दाबलं, डोळ्यात बोट घातलं, पुन्हा कल्ला उचलला, आणि म्हणाला, "कालची आहे."

मी काही ठरवलं नव्हतं. आठवायला कुठे मागे गेले नाही. तोंड उघडलं आणि आलं.

"कालची? दादा, काल ही समुद्रात पवत होती. माजा नवरा पहाटे घेऊन आला हिला, त्याचे कपडे अजून दोरीवर ओले हायेत, येता बघायला? कल्ला उचलला ना तुमी दोनदा? मंग त्याचा रंग पन बघायचा. लाल हाय का नाय? डोळा बगा कसा भरलेला हाय. आता तुमी बोट घालून घालून तिला शिळी केली तर माजा इलाज नाय. घ्यायची असेल तर घ्या. नाय तर हेल्मेट घाला, सरळ घरी जा आणि अंडी उकडून खा."

एका दमात. मी थांबले तेव्हा मला कळलं की आजूबाजूचे पाट गप्प झालेत. सुरेखाचा कोयता अर्ध्यावर थांबला होता. विमलकाकू समोरच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायचं विसरून माझ्याकडे बघत होती, हसत होती आणि मनगटाने डोळे पुसत होती.

त्या माणसाला बिचाऱ्याला काय माहीत. तो चारी बाजूंना बघून म्हणाला, "मावशी, तुमचं तोंड फार चालतं हो."

"चालतं," मी म्हटलं. "कापून देऊ का अख्खी नेता?"

त्याने कापून नेली. विमलकाकूने सगळ्या बाजाराला चहा सांगितला. घरी गेल्यावर मी आयला ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, मग रघुनाथला, मग निकिता आल्यावर तिला, प्रत्येक वेळी थोडं वाढवून. रघुनाथने तिन्ही वेळा ऐकलं आणि एकदाही मधे बोलला नाही.

चौथ्या वहीत त्या तारखेचं पान कोरं आहे. त्या दिवशी बोलता बोलता लिहायचं राहूनच गेलं.